रहस्यकथेचा वाचक आणि त्याचे संभाषण

वाङ्मयसमीक्षेने लेखकाचा विचार पुष्कळ केला, कृतीचा त्याहून अधिक केला. परंतु वाचकाकडे तिने आजवर क्वचितच वळून पाहिले आहे. त्यातही रहस्यकथेचा वाचक हा सर्वांत उपेक्षित. त्याची गणना करमणूकप्रिय, उतावळा आणि अभिरुचीच्या पायऱ्यांवर सर्वांत खाली बसलेला अशी करून आपले अध्यापकवर्ग व साहित्यसंस्था मोकळ्या होतात. वस्तुतः आपल्या वाचनाविषयी आपण होऊन, विनासायास आणि नित्य बोलणारा वाचक कोणता, असा प्रश्न केल्यास उत्तर याच वाचकाकडे बोट दाखविते. दोन काव्यप्रेमी भेटले असता कवितेवर बोलतीलच असे नाही, पण रहस्यकथेचे दोन वाचक भेटले की "सध्या काय चालू आहे?" हा प्रश्न कुशलप्रश्नाच्याही आधी येतो. या प्रश्नाचे आणि त्यामागून येणाऱ्या संभाषणाचे स्वरूप तपासावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विचाराला ग्वाल्हेरची, विशेषतः लष्करातील नया बाजाराच्या परिसराची पार्श्वभूमी उपयुक्त वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ जेथे पडला, तेथे लष्कर वसले आणि त्याबरोबर मराठी घरेही वसली. आज या घरांतील माणसे बाजारात हिंदी बोलतात, शाळेत हिंदी वा इंग्रजी शिकतात आणि स्वयंपाकघरात मराठी जपतात. १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरीस भरले आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा साक्षेपी आढावा घेणाऱ्या कुसुमावती देशपांडे त्याच्या अध्यक्षा झाल्या. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. कादंबरीच्या समीक्षकेने ज्या नगरीत अध्यक्षपद भूषविले, त्या नगरीत कादंबरी आज प्रत्यक्षात कोण वाचतो आणि कोणती वाचतो, हे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

माझ्या परिचयातील वाचकांच्या बोलण्यातून जी नावे येतात, ती अशी. वृद्धांच्या तोंडी बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू. मध्यम वयाच्यांच्या तोंडी गुरुनाथ नाईक व सुहास शिरवळकर. त्यांच्याच जोडीला, काही भेदभाव न करता, हिंदीतील सुरेंद्र मोहन पाठक आणि वेदप्रकाश शर्मा. अशोक जैन यांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा फेलूदा तरुणांच्या हाती दिसतो. आणि अगाथा ख्रिस्ती कोणत्या ना कोणत्या भाषेत सर्वांच्याच घरी असते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हिंदी रहस्यकथेची ही शेजारीण ठाऊक नसते. ग्वाल्हेरच्या वाचकाला ती ठाऊक असल्याने तो सहजच तुलना करतो, आणि तुलना हा समीक्षेचा प्रारंभ होय.

या संभाषणाला एक विलक्षण मर्यादा आहे. शेवट सांगावयाचा नाही, हा येथील अलिखित दंडक. इतर कोणत्याही वाङ्मयप्रकाराच्या वाचकाला आपल्या आवडीचे समर्थन करताना कृतीतील मर्मस्थळाकडे निर्देश करता येतो. रहस्यकथेच्या वाचकाला नेमके तेच वर्ज्य असते. मग तो बोलतो कशाविषयी? जरा लक्षपूर्वक ऐकल्यास असे दिसून येते की, तो रचनेविषयी बोलतो. "लेखकाने पहिल्या तीन प्रकरणांत सर्व काही समोर ठेवले होते, मलाच दिसले नाही," असे एक म्हणतो. "शेवटी अचानक एक जुळा भाऊ काढला, ही फसवणूक झाली," असे दुसरा म्हणतो. पहिले विधान हे प्रशंसेचे परमोच्च शिखर होय आणि दुसरे हा निषेधाचा तीव्रतम उच्चार. या दोहोंच्या मुळाशी एकच निकष आहे : लेखकाने वाचकाशी सचोटीने वागावे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मोपदेशकाने रहस्यकथेसाठी जे दहा नियम गमतीगमतीने घालून दिले, त्यांचेही सार यापेक्षा फारसे निराळे नाही. ज्या वाचकाने नॉक्सचे नावही ऐकलेले नाही, तो स्वतःच्या वाचनातून याच निष्कर्षाप्रत येतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो थोर समीक्षकांनी घेतलेलाही आहे. १९४५ साली एडमंड विल्सन या अमेरिकन टीकाकाराने ख्रिस्तीच्या प्रसिद्ध कादंबरीतील खुनाचा उल्लेख करून, तो कोणी केला याची पर्वा कोणाला, असा प्रश्न आपल्या लेखाच्या शीर्षकातच विचारला. त्याच्या मते हे वाचन म्हणजे एक व्यसन, आणि त्यातील लेखन निकृष्ट. १९४८ साली ऑडन या कवीने मात्र, स्वतः या व्यसनाचा धनी असल्याचे मान्य करून, त्यामागील नैतिक गरज शोधण्याचा प्रयत्न केला : बिघडलेली व्यवस्था पुन्हा निर्दोष व्हावी, ही ती गरज. विल्सनचा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. रहस्यकथेत भाषा पुष्कळदा उघडीबोडकी असते, पात्रे कळसूत्री असतात. परंतु विल्सनने कृती पाहिल्या. वाचकांचे परस्परांशी चाललेले बोलणे त्याने ऐकले नाही. व्यसनी मनुष्य आपल्या व्यसनाच्या पदार्थाची रचना तपासत बसत नाही. हा वाचक ती तपासतो.

आता आपल्या मराठी परंपरेकडे वळू. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' प्रसिद्ध झाली, तेव्हापासून अद्भुताची गोडी मराठी कादंबरीला आहे. गो. ना. दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी वेष चढवून ती गोडी घरोघर पोहोचविली. त्यानंतर आले अर्नाळकर (१९०६–१९९६). हजारांहून अधिक कथा लिहिणारा हा लेखक मराठीत वाचनाची सवय लावणाऱ्यांत अग्रेसर मानला जातो, आणि ते यथार्थ आहे. तथापि परंपरेची ही मोजदाद करताना एक भेद आपण सहसा करीत नाही. तो वाचक करतात. तो भेद साहसकथा आणि उकलकथा यांचा. झुंजार व काळापहाड हे कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना शासन करणारे वीर. त्यांच्या कथेत 'कोणी केले' हा प्रश्न गौण असतो. 'आता हा कसा सुटणार' हाच प्रश्न मुख्य. येथे वाचक नायकाच्या पाठीमागून धावतो, त्याच्याबरोबर विचार करीत नाही.

हाच भेद ग्वाल्हेरच्या वाचकाला पाठकांच्या हिंदी कादंबऱ्यांत एकाच लेखकाच्या लेखणीतून उतरलेला दिसतो. पाठकांचा सुनील हा वृत्तपत्राचा वार्ताहर. तो दुवे जुळवीत जातो. त्यांचा विमल हा फरारी गुन्हेगार. तो एका संकटातून दुसऱ्यात पडतो. या दोघांचे चाहते निराळे असतात आणि ते परस्परांशी कडाडून भांडतात. मराठीत या वादाला पुरेसे खाद्य मिळत नाही. साहसाचा पुरवठा आपल्याकडे विपुल झाला; उकलीचा मात्र तुटपुंजा राहिला. शिरवळकरांनी अमर विश्वास या वकिलाच्या रूपाने न्यायालय रंगमंचावर आणले, तेव्हा पुराव्याला कथेत मानाचे स्थान मिळाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांच्याही लेखनाची ओढ बहुधा संवादाच्या झटक्याकडे आणि नाट्याकडे.

बंगालीत काय घडले ते पाहावे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ साली ब्योमकेश बक्षीला जन्म दिला. तो स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवितो. याच लेखकाने ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहिल्या आणि त्यांपैकी एकीला १९६७ साली रवींद्र पुरस्कार मिळाला. एका हाताने केलेले कार्य दुसऱ्या हाताला लाज आणणारे आहे, असे तेथे कोणास वाटले नाही. विशेष म्हणजे या लेखकाचे उत्तरायुष्यातील दीर्घ वास्तव्य पुण्यात होते. मराठीच्या अंगणात राहून गेलेल्या या पाहुण्यापासून आपण काही घेतले नाही. ब्योमकेश आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा झाला तो १९९३ साली दूरदर्शनवरील हिंदी मालिकेमुळे. सत्यजित राय यांनीही १९६५ पासून फेलूदाच्या कथा मुलांच्या मासिकात लिहिल्या, आणि त्या मुलांची बुद्धी मोठ्यांइतकीच तीक्ष्ण आहे असे धरून लिहिल्या. आपल्याकडे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने मुलांना भारून टाकले, हे खरे. पण त्याचे वाचक मोठे झाल्यावर त्यांच्या हाती काय द्यावे, या प्रश्नाशी मराठी थबकते.

हा प्रश्न नया बाजारातील मराठी घराला पुण्यातील घरापेक्षा अधिक निकडीने भेडसावतो. पुण्यातील मुलगा मराठी पुस्तक वाचो वा न वाचो, मराठी त्याच्या कानांवर पडतच राहील. येथील मुलाचे तसे नाही. त्याला देवनागरी येते, ती हिंदीमुळे. मराठी समजते, ती आजीमुळे. या दोहोंचा सांधा जुळून तो मराठी पुस्तक स्वतःहून वाचील, याला एकच प्रबळ कारण असू शकते : पुढे काय झाले हे कळल्यावाचून त्याला चैन पडू नये. हिंदीत दीडशे पाने सलग वाचणारा मुलगा मराठीच्या दहाव्या पानावर अडखळतो, शब्दांसाठी अडखळतो. उत्कंठा त्याला त्या अडखळण्यापलीकडे नेते. पाठ्यपुस्तकातील उतारा हे करू शकत नाही, कारण त्याचा शेवट शिक्षकाने आधीच सांगितलेला असतो. अध्यापकाने अशा मुलाच्या हातातील रहस्यकथा काढून घेतली, तर तिच्या जागी तो काव्य घेईल असे समजणे भोळेपणाचे आहे. तो मराठीच सोडून देईल.

याचा अर्थ जे जे रहस्यमय ते ते आदरणीय, असा कोणी करू नये. महिन्याला दोन-तीन पुस्तके पाडणाऱ्या लेखणीकडून विचाराची अपेक्षा कशी करावी? नुसत्या संख्येचे कौतुक करणारी आपली सवय रहस्यकथेला अपकारकच ठरली आहे. अर्नाळकरांनी किती लिहिले हे आपण सांगतो; त्यांतील कोणत्या कथा पुन्हा वाचाव्यात हे सांगत नाही. ते सांगावयाचे तर निवड करावी लागेल, निवडीसाठी निकष लागतील, आणि ते निकष वाचकांच्या बोलण्यात तयारच आहेत. दुवे वाचकासमोर मांडले गेले होते काय? गुन्ह्याचा हेतू माणसाच्या स्वभावातून उगवला, की केवळ सोयीसाठी चिकटविला? आणि शेवट कळल्यानंतरही पुस्तक दुसऱ्यांदा वाचवते काय? या तिसऱ्या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देणाऱ्या कृतीला वाङ्मयाच्या मंदिरात प्रवेश नाकारण्याचा अधिकार कोणासही नाही.

साहित्यसंस्थांनी याबाबत दोन गोष्टी कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. मराठी उकलकथांचा एक विवेकपूर्ण संग्रह, प्रस्तावनेसह, सिद्ध करावा. आणि हिंदी व बंगालीतील निवडक कृतींची अनुवादमाला चालवावी. अध्यापकांकडून अपेक्षा त्याहून लहान आहे. विद्यार्थ्याच्या दप्तरात रहस्यकथा आढळली, तर ती जप्त न करता, लेखक सचोटीने वागला काय, एवढेच त्याला विचारावे. उत्तर देताना तो जे बोलेल ती समीक्षाच असेल, आणि ती मराठीत असेल.