कुलवृत्तांताची साधने : मृत्युलेख आणि खानेसुमारी

कुलवृत्तांत हा मराठीतील एक विपुल लेखनप्रकार असूनही समीक्षेने त्याची दखल क्वचितच घेतली आहे. वंशावळ म्हणजे इतिहासाची सामग्री, वाङ्मय नव्हे, असे समजून आपण ती संशोधकांच्या हवाली केली. रियासतकार सरदेसाई यांनी ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी सिद्ध केल्या, हे कार्य मोठेच होय. परंतु ज्यांच्यापाशी सनद नाही की वतन नाही, अशा कुळांचा वृत्तांत कशाच्या आधारे लिहावयाचा? लोधीखेड्यासारख्या सीमेवरील गावाचा विचार करताना हा प्रश्न आम्हांस विशेष निकडीचा वाटतो.

सौंसर भागातील हे गाव नागपूर-छिंदवाडा मार्गावर वसले आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५३ साली खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. पुढे १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मात्र मध्यप्रदेशातच राहिला. २०२३ पासून सौंसरचा समावेश नव्या पांढुर्णा जिल्ह्यात झाला आहे. माणसे होती तेथेच राहिली, पण त्यांचे दप्तर व दप्तराची भाषा बदलत गेली.

अशा वेळी वंशशोधक प्रथम मृत्युलेखांकडे वळतो. तिथी, गाव, व्यवसाय, संतती एवढे त्यांत सापडते. पण मृत्युलेख हे मूलतः गौरवपर लेखन होय. त्यातील प्रत्येक गृहस्थ सारखाच परोपकारी असतो. ‘मागे पत्नी व दोन मुलगे’ या शब्दांत ती पत्नी मात्र निनावीच राहते. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली रूढी ध्यानात घेतली, म्हणजे मातृकुलाचा धागा कोठे तुटतो हे कळते.

दुसरे साधन खानेसुमारीचे. १८८१ पासून दर दहा वर्षांनी ती होत असे. तीत संख्या विपुल आहेत, नावे नाहीत. कारण छापील अहवालांत व्यक्ती येत नाही, आणि १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने मूळ नोंदी पाहण्यास मनाई आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी लेखक रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिविषयक ग्रंथातील उत्पत्तिकथा उचलतो आणि आपल्या पणजोबांना तीत बसवितो. जातीचे वर्णन म्हणजे कुळाचा इतिहास नव्हे, हा विवेक येथे सुटतो. आमच्या मते या लेखनप्रकाराचा हा सर्वांत मोठा दोष होय.

वस्तुतः गरिबाचे नाव सापडते ते कोतवाल-पुस्तकात. जन्म अथवा मृत्यू, बापाचे नाव, जात : एवढीच कोरडी ओळ, पण तीत गौरव नाही आणि कल्पनाही नाही. जातीच्या दाखल्यासाठी त्याच ओळीची नक्कल मिळविण्यास लोक कचेऱ्यांचे उंबरठे झिजवितात. मुलाचे शिक्षण जिच्यावर अवलंबून असते, ती ओळ कुलवृत्तांतास मात्र क्षुद्र वाटावी, हे आश्चर्य होय.

कुलवृत्तांतकाराने जेथे पुरावा संपतो तेथे थांबावे, आणि आपण थांबलो हे वाचकास सांगावे. रिकामी जागा रिकामी ठेवणे हाही सत्यनिष्ठेचाच भाग आहे. शिक्षकबंधूंनी आपल्या विद्यार्थ्यांकडून निदान आजी-पणजीची माहेरची नावे लिहवून घेतली, तरी पुढील वृत्तांतकाराचे काम पुष्कळ सुकर होईल. ती नावे सांगणारी माणसे आज आहेत. उद्या असतीलच असे नाही.