डिजिटल माध्यमांचा इतिहास आणि आमची अक्षरे

डिजिटल माध्यमांच्या वाटचालीवर अलीकडे विपुल लिहिले जाते. प्रबंध सादर होतात, चर्चासत्रे भरतात. या लेखनाचा साचा मात्र ठरलेला आहे. संगणक आला, मग इंटरनेट आले, मग मोबाइल आला आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. यंत्रांची ही वंशावळ म्हणजेच माध्यमाचा इतिहास, असे संशोधक गृहीत धरतात. माझा आक्षेप या गृहीतावरच आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, तो छपाईचे यंत्र नवे होते म्हणून नव्हे. चालू पत्रांत बहिष्कृतांच्या प्रश्नांना जागा नव्हती म्हणून. माध्यमात कुणाचा शब्द शिरला आणि कुणाचा बाहेर राहिला, हा प्रश्न टाळून लिहिलेला इतिहास अपुराच राहणार.

हा प्रश्न मला ग्रंथात भेटला नाही. नव्वदच्या दशकातील एका छोट्या दलित नियतकालिकाच्या संपादकांनी जपून ठेवलेल्या फायली मी अभ्यासासाठी आणल्या. छापील अंकांना वाळवी लागली होती. भिस्त फायलींवर होती. त्या उघडल्या आणि पडद्यावर मराठीचा एक शब्दही दिसेना. रोमन अक्षरे आणि वेडीवाकडी चिन्हे! त्यांत कविता होत्या, संमेलनातील भाषणे होती, अत्याचाराच्या हकिगती होत्या. सारे समोर होते आणि वाचता काही येत नव्हते.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. डीटीपीमुळे खिळे जुळवण्याची यातायात संपली आणि तुटपुंज्या पैशांत अंक काढणे सोपे झाले, हे मान्यच आहे. पण त्या काळच्या फाँटांत मराठी अक्षर ही केवळ आकृती होती. संगणकाच्या लेखी तेथे इंग्रजी अक्षराचाच क्रमांक असे. त्यावर मराठीचा मुखवटा चढवलेला. फाँट हरवला की मुखवटा गळतो. शिवाय प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. पुढे १९९१ मध्ये युनिकोडने, १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीच्या आधारे, देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा दिला. ‘क’ला स्वतःचा क्रमांक मिळाला : २३२५. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोयही आली. तरी छपाईच्या कामात जुने फाँट वर्षानुवर्षे चालूच राहिले; कारण कागदावर उमटायला आकृती पुरते. स्मरणात राहायला ती पुरत नाही.

एकच उदाहरण देतो. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाई. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर नोंदली जाते. त्यामुळे निष्काळजीपणे रूपांतर केले की ‘दलित’चे ‘दिलत’ होते. उद्या कुणी ‘दलित’ हा शब्द शोधू लागला, तर दलितांचेच लेखन त्याला सापडणार नाही. आजची यंत्रे उपलब्ध मजकुरावरूनच मराठी शिकतात. जे वाचता येत नाही, ते त्यांच्या लेखी लिहिलेच गेले नाही.

यावर काही विद्वान म्हणतील की तंत्रज्ञानाला जात नसते. हा दोष तर सर्वच जुन्या मराठी मजकुराला आहे. दोष सर्वांना आहे, हे खरे. पण ज्यांच्यापाशी भांडवल आणि संस्था आहेत, ते आपला संग्रह पुन्हा टंकून घेऊ शकतात. वर्गणीवर चालणाऱ्या त्रैमासिकाने काय करावे? यंत्र भेद करीत नसेल. पण आधीच असलेला भेद ते पुढे चालवते. आणि समाजमाध्यमांनी सर्वांना वाणी दिली म्हणून हरखून जाणाऱ्या आपल्या मित्रांनाही मी विचारतो : आज बोलता आले एवढ्याने काल बोललेले कसे टिकेल?

म्हणून संशोधकांनी यंत्रांच्या तारखांबरोबर फायलींचीही दखल घ्यावी. ज्यांच्या घरी जुन्या फ्लॉपी आणि सीड्या पडून आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. फायलीबरोबर तिचा फाँटही जपावा. रूपांतरित मजकूर छापील अंकाशी ओळ न् ओळ ताडून पाहावा. हे काम कारकुनी वाटेल. मी ते सुरू केले आहे. एक अंक पुरा व्हायला मला तीन आठवडे लागले. आणि त्यात ‘दलित’ हा शब्द आता शोधला की सापडतो.