लाल रंग पाण्यात खरंच नाहीसा होतो का? ल्युअरच्या रंगांचा सल्ला तपासून बघूया

संशोधनाची तयारी करताना सगळे आपल्याला सांगतात, "क्रिटिकली वाचा." पण म्हणजे नेमकं काय करायचं, हे फारसं कुणी दाखवत नाही. शोधनिबंधावर थेट हात टाकण्याआधी सराव म्हणून एखादा लोकप्रिय, सगळ्यांना पटलेला आणि थोडासा शास्त्रीय वाटणारा दावा घ्यावा. आज मी असाच एक दावा घेतलाय: किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्यात गळाने मासे पकडताना कृत्रिम आमिषाचा, म्हणजे ल्युअरचा रंग कसा निवडावा.

मासेमारीशी तुमचा संबंध नसला तरी वाचा. यात प्रकाशाचं भौतिकशास्त्र आहे, डोळ्याचं जीवशास्त्र आहे आणि संख्याशास्त्रातल्या जवळजवळ सगळ्या नेहमीच्या चुका आहेत. उद्या तुमच्या प्रपोजलमध्ये याच चुका वेगळ्या नावाने येणार आहेत.

सल्ला काय आहे?

अमेरिकेच्या अटलांटिक आणि मेक्सिको आखाताच्या किनाऱ्यावर रेड ड्रम आणि स्पॉटेड सीट्राउट हे हौशी गळकऱ्यांचे लाडके मासे. दोन्ही सायनिडी कुळातले, म्हणजे आपल्या घोळ आणि ढोम्याचे भाऊबंद. त्यांच्यासाठी दिला जाणारा रंगांचा सल्ला आता जगभर फिरतो, आणि आपल्याकडे खाडीत जिताड्यासाठी ल्युअर टाकणाऱ्यांपर्यंतही पोचलाय. त्याचं सार चार वाक्यांत सांगता येतं.

१. स्वच्छ पाण्यात नैसर्गिक रंग वापरा, तिथल्या छोट्या माशांसारखे दिसणारे.
२. गढूळ पाण्यात भडक रंग वापरा, विशेषतः पोपटी-पिवळा.
३. उजेड असेल तर उजळ आमिष, अंधार असेल तर गडद.
४. लाल रंग खोलीवर सगळ्यात आधी नाहीसा होतो, म्हणून तो टाळा.

वाचायला छान वाटतं. आता एकेक धागा उसवू.

भौतिकशास्त्र बरोबर, पण पाणी दुसरंच

चौथ्या नियमापासून सुरुवात करू, कारण तो सगळ्यात जास्त 'सायंटिफिक' वाटतो. पाणी लाल प्रकाश निळ्यापेक्षा जास्त शोषतं, हे खरंच आहे. शुद्ध पाण्याची मोजमापं पोप आणि फ्राय यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानुसार ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचा शोषण गुणांक दर मीटरला साधारण ०.३४ आहे, तर ४४० नॅनोमीटरच्या निळ्याचा फक्त ०.००६च्या आसपास.

आता नुसतं 'लाल शोषला जातो' म्हणून पुढे जाऊ नका. आकडा घाला. बीअर-लँबर्टचा नियम लावला तर शुद्ध पाण्यात १ मीटरवर ७१ टक्के लाल प्रकाश शिल्लक असतो, २ मीटरवर ५१, ५ मीटरवर १८ आणि १० मीटरवर ३ टक्के. म्हणजे लाल 'नाहीसा' होतो तो पाणबुड्यांच्या खोलीवर. किनाऱ्यालगतची ल्युअरची मासेमारी बऱ्याचदा गुडघाभर ते पुरुषभर पाण्यात चालते. तिथे निम्मा लाल प्रकाश अजून जागेवर आहे!

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. प्रकाशाला पृष्ठभागापासून आमिषापर्यंत आणि आमिषापासून माशाच्या डोळ्यापर्यंत असा दोन टप्प्यांचा प्रवास करावा लागतो. आमिष १ मीटर खोल आणि मासा २ मीटर लांब असेल, तर हिशेब ३ मीटरचा करायचा. खोलीनुसार रंग सांगणारे तक्ते हा दुसरा टप्पा सहसा धरतच नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. हे सगळं शुद्ध पाण्याचं झालं. खाडीच्या पाण्यात कुजलेल्या पानांतून आणि चिखलातून आलेले पिवळसर सेंद्रिय पदार्थ विरघळलेले असतात. ते जांभळा आणि निळा प्रकाश सगळ्यात जास्त शोषतात, आणि लालकडे जाताना त्यांचं शोषण झपाट्याने कमी होतं. समजा एखाद्या खाडीत ४४० नॅनोमीटरला या पदार्थांचं शोषण दर मीटरला १ आहे. मग ३ मीटरवर निळा प्रकाश उरतो जेमतेम ५ टक्के, आणि लाल जवळजवळ एक-तृतीयांश. गाळामुळे होणारं विकिरण वेगळं, ते दोघांनाही मारतं. पण क्रम उलटा झाला की नाही? स्वच्छ समुद्रात निळा प्रकाश सगळ्यात खोल जातो, किनाऱ्याजवळ हिरवा, आणि अशा चहासारख्या पाण्यात पिवळ्याच्याही पुढचा.

म्हणजे नियम चुकीचा नाही. तो खुल्या समुद्राचा आहे आणि खाडीत आणून लावलाय. वाचताना विचारायचा पहिला प्रश्न हाच: हा निष्कर्ष कुठल्या परिस्थितीत काढला होता, आणि मी तो कुठे वापरतोय?

शिवाय 'नाहीसा' हा शब्दच गडबडीचा आहे. लाल वस्तूवर लाल प्रकाश पडला नाही तर ती अदृश्य होत नाही, काळपट दिसते. फिकट हिरव्या पाण्याच्या पार्श्वभूमीवर काळपट वस्तू उठून दिसते. आणि मासा खालून वर बघत असेल तर उजळ आकाशासमोर कुठल्याही रंगाचं अपारदर्शक आमिष बरंचसं काळ्या आकृतीसारखंच दिसणार.

पण डोळा कुणाचा?

या सल्ल्यात एक पात्र जवळजवळ गायबच आहे: मासा. रंग आपल्याला दिसतो तसाच माशाला दिसतो, हे गृहीत धरलंय.

अँड्री होरोडिस्की आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये चेसापीक उपसागरातल्या सायनिडी कुळाच्या पाच जातींच्या दृष्टीवर अभ्यास प्रसिद्ध केला. रेड ड्रम आणि स्पॉटेड सीट्राउट त्यात होते. इलेक्ट्रोरेटिनोग्राफी वापरून, म्हणजे दृष्टिपटलाचा विद्युत प्रतिसाद नोंदवून, त्यांनी प्रकाशाची संवेदनशीलता, तरंगलांबीनुसार प्रतिसाद आणि लुकलुकत्या प्रकाशाला दिलेला प्रतिसाद मोजला. एकाच कुळातल्या, एकाच उपसागरातल्या जातींमध्येसुद्धा फरक सापडले. मग 'समुद्री माशांसाठी रंग' असा एकच तक्ता कसा चालेल?

मात्र इथे उलट्या दिशेने घसरू नका. दृष्टिपटलाने प्रतिसाद दिला म्हणजे माशाने रंग ओळखला असं नाही, आणि ओळखला म्हणजे त्यावरून चावायचं ठरवलं असंही नाही. डोळा, आकलन आणि वर्तन या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीवरचा पुरावा तिसरीचा म्हणून खपवणं हे चांगल्या जर्नल्सच्या चर्चा-विभागातही घडतं.

आणखी टोकाचं उदाहरण शार्कचं. हार्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १७ जातींचे डोळे तपासले. १० जातींत शंकुपेशी सापडल्याच नाहीत, उरलेल्या ७ जातींत एकाच प्रकारच्या सापडल्या. एकाच प्रकारच्या शंकूवर रंग वेगळे करता येत नाहीत. माकुळांचंही तसंच: बहुतेक शीर्षपाद प्राण्यांच्या डोळ्यात एकच दृष्टिरंजक असतं. तरी जपानमध्ये माकूळ पकडायच्या 'एगी' नावाच्या आमिषांचे गुलाबी, केशरी, हिरवे असे कितीतरी रंग मिळतात, आणि "आज केशरीच चालतोय" असं लोक मनापासून सांगतात.

ते खोटं बोलतात का? तसं नाही. केशरी आणि हिरवं आमिष फक्त रंगात वेगळं नसतं, उजळपणातही वेगळं असतं. प्राण्याला करड्याच्या दोन छटा दिसत असतील आणि त्यातली एक जास्त उठून दिसत असेल. कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांना निळा रंग खरंच दिसतो हे दाखवण्यासाठी, साधारण १९१४ च्या सुमारास, निळं कार्ड करड्याच्या वेगवेगळ्या छटांच्या कार्डांमध्ये ठेवलं. मधमाश्या फक्त उजळपणा बघत असत्या, तर एखाद्या करड्या छटेशी त्यांनी गल्लत केली असती. त्यांनी केली नाही. शंभर वर्षांपूर्वीचं हे कंट्रोल ल्युअरच्या बहुतेक तुलनांमध्ये आजही नसतं.

पुराव्याचं काय?

"मी २० वर्षं गळ टाकतोय, पांढऱ्यावर सगळ्यात जास्त मासे लागले." या वाक्यात किती छिद्रं आहेत ते मोजा बघू.

एक, छेद नाही. पांढरा किती वेळा टाकला आणि बाकीचे किती वेळा? आवडतं आमिष सगळ्यात जास्त वेळ पाण्यात असतं, म्हणून त्यालाच सगळ्यात जास्त मासे लागतात. मग ते आणखी आवडतं होतं.

दोन, रंग बदलण्याची वेळ. माणूस रंग कधी बदलतो? तासभर काहीच लागलं नाही की. म्हणजे सगळ्यात वाईट काळानंतर. पुढचा तास नुसत्या योगायोगानेही जरा बरा जाण्याची शक्यता असते. शिवाय तेवढ्यात भरतीही बदललेली असते. श्रेय मात्र नव्या रंगाला. याला सरासरीकडे परतणं म्हणतात, आणि औषधांच्या परिणामांपासून कोचिंग क्लासच्या जाहिरातींपर्यंत ते सगळीकडे भेटतं.

तीन, एकाच थव्यातून २० मिनिटांत आठ मासे मिळाले, तर ती आठ स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. फार तर एक.

चार, ब्लाइंडिंग अशक्य आहे. गळ टाकणाऱ्याला आपल्या दोरीला काय बांधलंय ते माहीत असतं. ज्याच्यावर विश्वास आहे ते आमिष तो जास्त काळजीने फिरवतो.

पाच, नमुन्याचा आकार. समजा एका रंगाला दर फेकीला २ टक्के यश मिळतं आणि दुसऱ्याला ३ टक्के. दीडपट म्हणजे मोठाच फरक! नेहमीच्या निकषांवर, ५ टक्के पातळी आणि ८० टक्के पॉवर धरून, हा फरक पकडायला प्रत्येक रंगाच्या सुमारे ३८०० फेकी लागतात. मिनिटाला एक फेक धरली तरी एका रंगाला ६३ तास. आणि हे सगळ्या फेकी स्वतंत्र आहेत असं मानून. एका सुट्टीच्या दिवशी 'कुठला रंग चालतो' ते कळणं जवळपास अशक्य आहे.

नियंत्रित अभ्यास झालेले आहेत, पण थोडे. कॅनडातल्या ओपिनिकॉन सरोवरात लार्जमाउथ बासवर सहा रंगांच्या सारख्याच मऊ आमिषांची तुलना केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयत्नामागे मिळणारी पकड सगळ्या रंगांत सारखीच निघाली, भडक रंगांवर लागलेले मासे मात्र आकाराने मोठे दिसले. हे गोडं पाणी आहे आणि जात वेगळी आहे, त्यामुळे 'खाडीतही रंगाने फरक पडत नाही' असं यावरून म्हणू नका. मघाचा पहिला प्रश्न आपल्याला सोयीच्या निष्कर्षालाही लागू होतो.

सगळ्यात मोठी त्रुटी

आता सल्ला पुन्हा एकत्र वाचा. नैसर्गिक रंगाला मासा लागला तर 'हुबेहूब दिसलं म्हणून'. भडक रंगाला लागला तर 'उठून दिसलं म्हणून'. काहीच लागलं नाही तर 'रंग बदला'. असा कुठला निकाल आहे, जो आल्यावर हा सल्ला चुकला असं म्हणता येईल? मला तरी सापडत नाही. सुटे नियम तपासता येतात, पण एकत्र बांधले की ते प्रत्येक निकालाला सामावून घेतात. आणि सगळंच सामावून घेणारा सिद्धांत आधीपासून काहीच सांगत नाही.

मग सगळं टाकून द्यायचं का?

नाही. टीका म्हणजे निकाली काढणं नव्हे. गढूळ पाण्यात पोपटी-पिवळा वापरा, या नियमामागे खरं कारण असू शकतं. फ्लुरोसंट रंग कमी तरंगलांबीचा प्रकाश घेऊन जास्त तरंगलांबीचा बाहेर टाकतात, आणि हिरवट पाणी नेमका तोच पट्टा पुढे जाऊ देतं. अंधारात गडद, हेही आकाशासमोरच्या काळ्या आकृतीचा विचार केला तर पटण्यासारखं आहे. दोन्ही नियम खरं तर रंगाबद्दल नाहीत, कॉन्ट्रास्टबद्दल आहेत. वर्षानुवर्षं पाणी बघणाऱ्या माणसाचं निरीक्षण चांगलं असू शकतं आणि त्याने दिलेलं कारण चुकीचं. आपण सायन्सवाले कारण खोडून काढतो आणि त्याच्याबरोबर निरीक्षणही फेकून देतो. तो उद्धटपणा महागात पडतो, कारण चांगले प्रश्न बहुतेक वेळा तिथूनच मिळतात.

आता तुमचं काम. 'आमिषाच्या रंगाचा पकडीवर होणारा परिणाम' असं शीर्षक घेऊन कुठल्याही गाइडकडे जाऊ नका. त्याऐवजी एक अरुंद प्रश्न लिहा: कुठली जात, किती गढूळ पाणी (सेची तबकडीने मोजा), किती खोली. आमिषाचं मॉडेल, वजन आणि गळ एकच ठेवा. दोन रंग घ्या आणि त्यांच्या उजळपणाशी जुळणाऱ्या दोन करड्या छटा घ्या. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, प्रत्येकाच्या दहा-दहा फेकींचे गट करा, आणि रिकाम्या फेकीही नोंदवा. विश्लेषणाचं एकक मासा नाही, गट किंवा फेरी. आणि सुरुवात करण्याआधी एका ओळीत लिहून ठेवा: कुठला निकाल आला तर माझं म्हणणं चुकलं असं मी मानेन.

ती ओळ लिहिता येत नसेल, तर प्रश्न अजून तयार झालेला नाही. मग विषय मासा असो, पेशी असो की पदार्थविज्ञान.