शाळेतील एक गीत आणि त्याचे कुळ

काही गीते इतकी सर्वमुखी होतात की, ती कोणी व कोणत्या प्रसंगी गाइली हे विचारण्याचे भान कोणास राहत नाही. 'हम होंगे कामयाब' हे अशांपैकीच एक होय. गिरगावातल्या फणसवाडीसारख्या वस्तीत काय किंवा तालुक्याच्या गावी काय, संगीताच्या तासाला हे गीत पेटीवर बसविले गेले नाही अशी प्राथमिक शाळा विरळाच. पंधरा ऑगस्टला ते कवायतीच्या ठेक्यावर म्हटले जाते, टाळ्या पडतात, आणि मुले खाऊ घेऊन घरी जातात. कवी गिरिजाकुमार माथुर यांनी ते हिंदीत आणले हे थोड्यांस ठाऊक असते; ते मूळचे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे, हे त्याहूनही थोड्यांस. या विस्मृतीने गीताच्या अर्थाचीच हानी झाली आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम त्याचे कुळ पाहू. फिलाडेल्फियाचे धर्मोपदेशक चार्ल्स टिंडली यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रचलेल्या एका भक्तिगीताशी काही अभ्यासक याचा संबंध जोडतात. तो किती निकटचा, याविषयी मतभेद आहेत. टिंडलींचे वडील गुलामगिरीत होते. पुढे 1945 च्या ऑक्टोबरात दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टन येथे सिगारच्या कारखान्यातील कामगारांनी संप केला व तो दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालविला. संपवाल्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया पुष्कळ होत्या. त्यांच्या तोंडी जुन्या भक्तिगीतातील 'मी' जाऊन तेथे 'आम्ही' आला. 1982 चा गिरणी संप ज्या घरांनी सोसला, त्यांस या एका सर्वनामाचे मोल निराळे सांगावयास नको. तेथून ते टेनेसीतील हायलँडर लोकशाळेत गेले, आणि 1963 च्या ऑगस्टात वॉशिंग्टनच्या विराट मोर्चात दुमदुमले.

आता भाषांतराकडे वळू. मूळ इंग्रजी क्रियापद 'ओव्हरकम' असे आहे. मराठीत त्यास 'मात करणे' हा शब्द नेमका बसतो. मात करावयाची तर समोर काहीतरी उभे असावे लागते: अन्याय, भय, बंद दरवाजा. 'कामयाब' होण्यास अशा कशाचीच जरुरी नाही; वार्षिक परीक्षेतही मनुष्य कामयाब होतो. हिंदी शब्द गोड आहे, चालीत चपखल बसतो, आणि म्हणूनच अडथळा केव्हा नाहीसा झाला हे कोणाच्या ध्यानात आले नाही. शिवाय काळे व गोरे एकत्र येण्याविषयीचे मूळ गीतातील कडवे आपल्या शाळांत गाइल्या जाणाऱ्या पाठात आढळत नाही. आपल्याकडे काळे-गोरे हा प्रश्न नाही असे कोणी म्हणेल; परंतु त्या जागी घालण्याजोगे आपले स्वतःचे शब्द नव्हते काय?

सुदैवाने निर्भयतेचे कडवे हिंदीत टिकले आहे. त्याची हकीकत लहान मुलांस सांगण्याजोगी आहे. 1959 साली हायलँडर शाळेवर पोलिसांनी रात्री धाड घातली. अंधारात बसलेल्या मंडळींत चौदा वर्षांची एक मुलगी होती. आपण भीत नाही, अशा अर्थाचे कडवे आपण त्या वेळी गाऊ लागलो, असे तिने पुढे सांगितले आहे. ही गोष्ट ऐकल्यानंतर तिसरीतला मुलगा तेच कडवे म्हणेल, ते पूर्वीसारखे म्हणेल काय?

यावर आक्षेप येतो की, कोवळ्या मनांवर गुलामगिरीचे ओझे कशाला? आक्षेप सद्भावनेचा आहे, पण आपल्या परंपरेस धरून नाही. राजा हरिश्चंद्राने काशीच्या बाजारात पत्नी व पुत्र यांस विकले, ही कथा आपण मुलांस पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. माणूस विकला जातो हे ज्यास ऐकता येते, त्यास तो मुक्त कसा झाला हेही ऐकता येईल.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. त्याचे उत्तर जोतीराव फुले यांनी 1873 मध्येच देऊन ठेवले आहे. 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी अर्पण केले, ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सज्जनांस. ज्या पुरुषाने 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, त्यास हा इतिहास दूरचा वाटला नाही. 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानास पत्र लिहिले. आणि फणसवाडीहून पायी जाता येईल अशा गावदेवीतल्या मणिभवनात मार्टिन ल्यूथर किंग 1959 साली मुक्कामास होते.

अमेरिकेत कार्टर वुडसन यांनी 1926 मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. 1976 पासून फेब्रुवारीचा सारा महिना त्यास दिला जातो. तेथे शिकणाऱ्या मराठी मुलांच्या कानांवर ही नावे पडतात. आपण त्याची नक्कल करून आणखी एक जयंती वाढवावी असे आम्ही म्हणत नाही; तसबिरीस हार घालून आपण थोरांस किती सहज विसरतो, हे आपणांस अनुभवाने ठाऊक आहे. संगीताचा तास आहे, गीतही आहे. त्यातील दहा मिनिटे शिक्षकाने या हकीकतीस द्यावी. मग कवायतीचा ठेका सोडून, एकाने पुढच्या कडव्याचे शब्द सुचवावे व सर्वांनी ते उचलावे, अशा मूळच्या रीतीने ते संथपणे म्हणवून घ्यावे. शाहिरामागे झीलकरी ऐकलेल्या मुलांस ही रीत शिकवावी लागणार नाही. दुसऱ्याचे गाणे आपण गातो, तेव्हा ते कोणाचे हे सांगणे हा साधा प्रामाणिकपणा आहे. आणि तो लहानपणीच शिकवावयाचा असतो.