पहिल्या भेटीची जागा

अविवाहित तरुण-तरुणींनीं जोडीदार शोधण्यासाठीं कोठें जावें, याच्या याद्या हल्लीं ठिकठिकाणीं वाचावयास मिळतात. नाट्यगृह, उपाहारगृह असल्या उघड जागा वगळून त्यांत मुद्दाम अनपेक्षित जागा दिलेल्या असतात: भाजीबाजार, ग्रंथालय, आगगाडीचा डबा, बसची रांग. या याद्या करणारांची दृष्टि अगदींच चुकीची आहे असें मी म्हणणार नाहीं. माणसें अशाच ठिकाणीं भेटतात, हें खरें आहे. परंतु भाजीबाजारांत जो भाजीसाठीं गेलाच नाहीं, त्याची नजर दुधी भोपळ्यावर नसून इतरत्र फिरत आहे, हें तेथील प्रत्येक स्त्रीच्या, आणि भाजीवालीच्या तर सर्वांआधीं, ध्यानांत येतें. अनपेक्षित जागेचा सारा गुण ती अनपेक्षित असण्यांत आहे. ती यादींत आली कीं तो गुण गेला. हें कोडें आमच्या व इतरांच्या कथाकारांनीं कसें सोडविलें, अथवा कसें टाळलें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे. वाङ्मयाच्या टीकाकारानें या भानगडींत कशाला पडावें, असें कोणी विचारील. मला वाटतें, अवश्य पडावें. पहिल्या भेटीची जागा लेखकानें कोणती निवडली, यावरून त्याला माणसें कितपत ठाऊक आहेत हें कळतें. आणि ज्या समाजांत तो लिहितो, त्या समाजानें तरुण मुलामुलींस एकमेकांशीं बोलण्यास किती वाव ठेवला आहे, हेंही कळतें.

इंग्रजी कादंबरीकारांना या बाबतींत एक सोय होती. त्यांच्याकडे नृत्यगृहें होतीं. जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’मध्यें (ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर इ. स. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली) कॅथरिन ही खेड्यांतील मुलगी बाथ शहरीं येते, आणि तेथील समारंभाची व्यवस्था पाहणारा अधिकारी हेन्री टिल्नी याची तिच्याशीं रीतसर ओळख करून देतो. भेट घडवून आणणें हेंच त्या जागेचें काम. तथापि या सोयीवर खुद्द जेन ऑस्टेनचा फारसा विश्वास नसावा. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) मध्यें नृत्याच्या प्रसंगीं एलिझाबेथ व डार्सी प्रथम समोरासमोर येतात, आणि तो प्रसंग साफ फसतो. डार्सी तिच्याबरोबर नाचण्याचें नाकारतो व तिला ऐकूं जाईल अशा बेतानें तिच्या रूपाबद्दल अनुदार शब्द काढतो. त्यांची खरी ओळख होते ती पुढें. बहीण परक्या घरीं आजारी पडली म्हणून एलिझाबेथ तीन मैल चिखल तुडवीत तेथें जाते आणि शुश्रूषेसाठीं कांहीं दिवस राहते तेव्हां. संध्याकाळीं डार्सी आपल्या बहिणीला पत्र लिहीत असतो, एलिझाबेथ शिवणकाम घेऊन बसलेली असते. दोघांनाही दुसरें काम आहे, आणि म्हणूनच दोघें मोकळेपणीं बोलूं शकतात. नृत्यगृहानें जें साधलें नाहीं तें आजाऱ्याच्या घरानें साधलें. या एका निवडींत जेन ऑस्टेनचें मनुष्यस्वभावाचें ज्ञान मला जितकें दिसतें, तितकें तिच्या सुभाषितवजा वाक्यांतही दिसत नाहीं.

आमच्याकडे नृत्यगृहें नव्हतीं, आणि घरांत तर वडीलधाऱ्यांसमोर विवाहित जोडप्यासही बोलण्याची चोरी. मग लेखकानें करावें काय? त्यानें अपघाताचा आश्रय केला. ही परंपरा फार जुनी आहे. ‘विक्रमोर्वशीय’ नाटकांत केशी नांवाचा दानव उर्वशीला पळवितो, पुरूरवा तिला सोडवितो, आणि प्रेमाचा आरंभ होतो. भवभूतीच्या ‘मालतीमाधवां’त मदयंतिकेवर पिंजऱ्यांतून सुटलेला वाघ येतो व मकरंद तिचे प्राण वांचवितो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’मध्यें (१८८२) सुभद्रा-अर्जुन आधींच एकमेकांवर अनुरक्त आहेत, तरीसुद्धां त्यांना एका ठिकाणीं आणण्यासाठीं घटोत्कचाला अरण्यांत राबविल्यावांचून नाटककाराचें भागत नाहीं. पुढें मासिकांतील गोष्टींचें युग आलें. राक्षसांची व वाघांची टंचाई झाल्यामुळें नायिकेची मोटार बंद पडूं लागली, समुद्रावर तिचा पाय खोल पाण्यांत जाऊं लागला, निदान पावसांत तिची छत्री तरी उलटूं लागली. साधनें बदललीं, घटोत्कच तोच.

या अपघाती भेटींवर माझा आक्षेप त्या असंभाव्य आहेत हा नव्हे. त्यांत नायक एकदम मोठा होतो आणि नायिका एकदम ऋणी होते, हा माझा आक्षेप आहे. जिचा प्राण वांचविला गेला तिनें पुढें प्रेम न करणें म्हणजे कृतघ्नपणाच ठरतो. कृतज्ञता व प्रेम या दोन भावना लेखक अशा रीतीनें एकमेकींत मिसळून टाकतो कीं, तिला तो मनुष्य म्हणून आवडला काय, हा प्रश्नच उरत नाहीं. शिवाय अपघात एकदांच घडतो. ओळख मात्र एकदां पाहून होत नसते.

भवभूतीला हें ठाऊक होतें, ही मौजेची गोष्ट आहे. ज्या नाटकांत वाघ आहे, त्याच नाटकांत मालतीचें मन माधवाकडे वळतें तें तिच्या प्रासादाच्या खिडकींतून. माधव त्या रस्त्यानें पुनःपुन्हां जातो आणि ती त्याला पुनःपुन्हां पाहते. अर्थात् या येण्याजाण्यामागें कामंदकीची योजना आहे. पण खिडकी व रस्ता हीं रोजचींच. कालिदासानेंही ‘शाकुंतला’त दानव दूर ठेवून तपोवनांतील रोपांना पाणी घालणाऱ्या तीन मुली पुढें आणल्या. तेथें संकट आहे तें एका भुंग्याचें, आणि तेंही त्यांच्या चाललेल्या कामांतूनच उद्भवलेलें.

पण या प्रकारांतील माझ्या मतें सर्वांत सरस उदाहरण नाटकांत नाहीं. तें हाल सातवाहनाच्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतांत आहे. एक पांथस्थ पाणपोईवर थांबला आहे. पाणी घालणारी तरुणी वरून धार धरते व तो ओंजळीनें पितो. त्याची दृष्टि वर तिच्या मुखाकडे आहे, म्हणून तो बोटें विरळ करून पाणी गळूं देतो. आणि तीही धार अधिकाधिक बारीक करीत जाते. बस, एवढेंच. कोणी कोणाला वांचविलें नाहीं, कोणी एक शब्द बोललें नाहीं. पाणी पाजणें व पिणें हें काम दोघांनींही लांबविलें. त्याच्या लबाडीचें उत्तर तिनें लबाडीनेंच दिलें, त्यामुळें येथें ऋणी कोणीच नाहीं. जागेचें जें रोजचें काम, त्याच कामाच्या भाषेंत दोघांनीं एकमेकांस विचारलें व उत्तर दिलें. अनपेक्षित भेटीचें सारें शास्त्र या चिमुकल्या गाथेंत आहे, आणि पानेंच्या पानें खर्च करणाऱ्या कादंबरीकारांस तें क्वचितच साधलें आहे.

मात्र येथें एक गोष्ट विसरतां येत नाहीं. पाणवठा ही प्रेमिकांची जागा म्हणून आम्हीं गाइली खरी; पण तो पाणवठा सर्वांचा कधींच नव्हता. सार्वजनिक तळ्याचें पाणी आपणांसही पितां यावें, एवढ्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांना हजारों माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावें लागलें. पाणी घालणारीनें त्या पांथस्थाला आधीं त्याची जात विचारली असती, तर पुढची गाथा झालीच नसती. रोजच्या जागांचें कौतुक करतांना तेथें कोणाला उभें राहतां येतें व कोणाला येत नाहीं, हें रसिकानें पाहूं नये काय? आमच्या गोष्टींतील नायक-नायिका इतकीं योगायोगानें भेटूनही अखेर एकाच जातीचीं निघतात, याचें आश्चर्य मला विद्यार्थिदशेंत वाटत असे. आतां वाटत नाहीं.

शहरांत नवा पाणवठा झाला तो बसच्या थांब्याचा. रांगेंत जो आधीं आला तो पुढें उभा राहतो, आणि शेजारीं कोण उभें राहावें हें कोणी ठरवीत नाहीं. ही जागा हेरली ती कादंबरीनें नव्हे, चित्रपटानें. बासु चतर्जी यांच्या ‘छोटीसी बात’ (१९७६) मध्यें अरुण हा मुंबईतील एक बुजरा नोकरदार बसच्या थांब्यावर प्रभाला रोज पाहतो. ती कोणत्या वेळीं येते हें त्याला पाठ; पण तोंडांतून शब्द फुटत नाहीं. बस येते, आणि त्या दिवसाची भेट संपते. अमोल पालेकर व विद्या सिन्हा यांनीं हे प्रसंग इतक्या साधेपणानें केले आहेत कीं, प्रेक्षकालाही बस उशिरां यावी असें वाटूं लागतें. पाणपोईवरच्या बारीक धारेची जागा येथें उशिरां येणाऱ्या बसनें घेतली आहे. मग नागेश नांवाचा धीट प्रतिस्पर्धी येतो, आणि तो येतो स्कूटरवर. त्यानें प्रभाला मागें बसवून नेलें कीं रांगच उरत नाहीं! अरुणनेंही मग एक मोटारसायकल विकत घेतली, ती अर्थात् भंगार निघाली. रांग सोडणाऱ्याला मिळालेली ही शिक्षा मला फार योग्य वाटते.

असें असूनही या चित्रपटाच्या उत्तरार्धाबद्दल माझी तक्रार आहे. अरुण खंडाळ्यास एका कर्नलकडे जातो. कर्नल त्याला धीट कसें व्हावें, प्रतिस्पर्ध्याला कसें हरवावें, स्त्रीचें मन कसें जिंकावें, याचे धडे देतो. अशोककुमारांनीं ही भूमिका बहारीची केली आहे, आणि प्रेक्षक पोट धरून हंसतात. ही कल्पना मूळची एका इंग्रजी चित्रपटांतील आहे, आणि तिचें परकेपण लपत नाहीं. थांब्यावरचा अरुण आमचा होता. खंडाळ्याहून परतलेला अरुण म्हणजे शिकवून तयार केलेला घटोत्कच आहे. जी ओळख रोजच्या उभें राहण्यानें हळूहळू पिकत होती, ती डावपेचांनीं जिंकण्याची वस्तु झाली. लेखाच्या आरंभीं ज्या यादीकारांचा मीं उल्लेख केला, ते सारे या कर्नलचेच शिष्य होत.

आणखी एक शंका आहे. ती मला स्वतः सुचली नाहीं. वर्गांत या चित्रपटाचा विषय निघाला असतां एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, रोज थांब्यावर कोणी टक लावून पाहत राहिला, आणि मागोमाग चालत आला, तर आम्हांला तें गोड वाटत नाहीं; आम्ही थांबा बदलतों.” मला उत्तर देतां आलें नाहीं. दिग्दर्शकाला ही अडचण दिसली असावी, कारण प्रभाला अरुणचें पाहणें ठाऊक आहे व तें तिला मनांतून आवडतें, असें त्यानें दाखविलें आहे. पण तिचें हें मनोगत प्रेक्षकाला कळतें. अरुणला कळत नाहीं. गाथेंतील तरुणीनें धार बारीक केली तेव्हां पांथस्थाला उत्तर मिळालें होतें. अरुणला असें कोणतेंही उत्तर न मिळतां तो पाहतच राहतो. हा फरक लहान नाहीं, आणि पाहणाऱ्याच्या बाजूनेंच कथा सांगण्याची आमची जुनी संवय त्याच्या मुळाशीं आहे.

त्याच दिग्दर्शकानें तीन वर्षांनीं ‘बातों बातों में’ (१९७९) केला, तेव्हां या अडचणीतून एक साधी वाट काढली. टोनी व नॅन्सी हीं वांद्र्याकडच्या ख्रिस्ती वस्तींतील मुलें चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलच्या डब्यांत भेटतात. पण तेथें टॉमकाका आहेत. डेव्हिड यांनीं साकारलेला हा प्रेमळ म्हातारा दोघांनाही ओळखतो, आणि तो त्यांचा परिचय करून देतो. बाथच्या नृत्यगृहांतला तो समारंभाधिकारी दीडशें वर्षांनीं असा मुंबईच्या लोकलमध्यें चढला! फरक एवढाच कीं टॉमकाका कोणाच्या नेमणुकीनें आलेले नाहींत. तेही रोजच्याच गाडीचे उतारू. मुलगी तेथें एकटी नाहीं, आणि पाहण्यापुढें बोलणें सुरू होण्यास कोणास पळविण्याची गरज नाहीं. लोकलमध्यें स्त्रियांसाठीं निराळे डबे असतात व गर्दीच्या वेळीं बहुतेक मुली त्यांतूनच जातात, त्यामुळें हा प्रसंग नेहमींचा आहे असें म्हणवत नाहीं. पण तो पटतो. डब्यांत टॉमकाका नसते तर नॅन्सीनें कोणता डबा धरला असता, हें माझ्या त्या विद्यार्थिनीला विचारावयाचें राहून गेलें.