पर्यावरणाचे संयुक्त अध्यापन : यवतमाळच्या फवारणीच्या निकषावर

सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरणाचे शिक्षण अनिवार्य करावे असा निर्देश दिला. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने 2003 च्या सुमारास सर्व पदवी-शाखांसाठी 50 तासिकांचा अभ्यासक्रम सिद्ध केला. त्याचा पहिलाच घटक ह्या विषयाच्या बहुविद्याशाखीय स्वरूपाचा होय. आणि त्याला तासिका दिल्या आहेत दोन! उरलेले सात घटक कोणी शिकवावयाचे हा प्रश्न मोकळाच राहिल्यामुळे, व्यवहारात हा विषय बहुधा ज्याचा कार्यभार अपुरा पडतो अशा एका अध्यापकाच्या वाट्यास येतो. पुढे आराखडे बदलले. 2023 मध्ये आयोगाने नवी मार्गदर्शक तत्त्वेही दिली. तथापि मूळ मांडणीतील वैगुण्य समजून घेणे अद्यापि अगत्याचे आहे.

ह्या मांडणीची कसोटी पाहावयाची तर यवतमाळ जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. 2017 च्या खरिपात येथे कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसांहून अधिक दगावले. हा विषय 2003 च्या अभ्यासक्रमात कोठे सापडतो? कीटकनाशकांचा उल्लेख अन्नसंपत्तीखाली दुसऱ्या घटकात, मृदा-प्रदूषण पाचव्यात, कायदे सहाव्यात, मानवी आरोग्य सातव्यात. त्या सहाव्या घटकात हवा, पाणी, वने व वन्यजीव ह्यांविषयीचे अधिनियम आहेत. 1968 चा कीटकनाशक अधिनियम मात्र नाही. म्हणजे एकाच शेतातील एकाच घटनेचे चार तुकडे झाले आणि त्यांतील एक हरवला.

ह्यावर उपाय म्हणून चार विभागांच्या अध्यापकांनी पाळीपाळीने वर्गावर यावे, असे सुचविले जाते. आमच्या मते हे संयुक्त अध्यापन नव्हे; ही केवळ वेळापत्रकाची वाटणी होय. शेतात दोन-तीन औषधे एकाच पंपात कालविली जातात, एवढी एकच बाब घ्या. रसायनशास्त्राचा अध्यापक मोनोक्रोटोफॉससारख्या सेंद्रिय फॉस्फरसयुक्त द्रव्याचा मज्जासंस्थेवरील परिणाम सांगेल. परंतु अशा विषबाधेवर अॅट्रोपीन चालते, डायफेंथियुरॉनवर निश्चित उतारा नाही, आणि पंपात काय होते हे मजुराला सांगता येत नसेल तर डॉक्टरने कशावर उपचार करावेत, हा प्रश्न वैद्यकाकडून आल्याखेरीज त्या माहितीस धार येत नाही. विधीचा अध्यापक सांगेल की नोंदणी प्रत्येक उत्पादनाची, विशिष्ट पिकासाठी व विशिष्ट मात्रेस होते. मग दुकानदाराच्या सल्ल्याने बांधावर तयार होणाऱ्या मिश्रणाची जबाबदारी कोणाची? 1971 च्या नियमांत संरक्षक वस्त्रांची तरतूद आहे; पण डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत, ऑक्टोबरच्या उन्हात ती वस्त्रे अंगावर ठेवणे शक्य आहे काय, आणि मजुरी पंपाच्या हिशेबाने ठरली असेल तर विसावा घेणे परवडते काय, हे अर्थशास्त्रज्ञाने त्याच तासाला, त्याच विद्यार्थ्यांसमोर विचारले पाहिजे. शासनाने त्या वर्षी काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. ती योग्य होती की उशिराची, ह्यावर अध्यापकांत मतभेद होतील. ते वर्गात व्हावेत. शाखाशाखांतील वाद अध्यापक-कक्षात मिटवून वर्गात एकमताचे टिपण नेणे, ही विद्यार्थ्यांची वंचना आहे. यवतमाळच्या वर्गांतील कित्येक मुलामुलींच्या घरी तो पंप खुंटीला टांगलेला असतो. त्यांना हा प्रश्न परीक्षेपुरता नाही.

आठव्या घटकाने क्षेत्रकार्यासाठी पाच तासिका राखून ठेवल्या होत्या आणि प्रदूषित स्थळांत शेतीचाही नामनिर्देश केला होता. ह्या मांडणीतील हा भाग सर्वांत सकस होता. तेथे दोन अध्यापकांनी एकत्र जाऊन डब्यावरील रंगीत त्रिकोण, कृषी सेवा केंद्राची पावती आणि मजुराचा अनुभव ही तिन्ही एकाच वहीत नोंदवून घेतली असती, तर वेगळ्या पाठ्यपुस्तकाची फारशी गरज उरली नसती. अडचण आहे ती हिशेबाची. एका तासाला दोन अध्यापक उभे राहिले तर तो तास कोणाच्या कार्यभारात मांडावयाचा, आणि उत्तरपत्रिका कोणी तपासावयाची? ह्याचा निर्णय विद्यापीठाने आधी लेखी दिला पाहिजे; तो नसताना प्राचार्यांकडून संयुक्त अध्यापनाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.