सकळ लिपी आणि सीपीएस-२ : किल्लीचा प्रश्न

महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्यांपैकी सकळ लिपी उलगडली. तिची किल्ली मात्र पंथीयांपाशी जिवंत होती, हे राजवाड्यांच्या गौरवात बहुधा विसरले जाते. कॅपकॉमच्या सीपीएस-२ या १९९३ च्या आर्केड खेळयंत्राची गोष्ट निराळी. तेथे सांकेतिक आज्ञावलीची किल्ली बॅटरीच्या आधारे टिके. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई व खेळ बंद पडे. तिला हे अल्पायुष्य कुलूप लावणाऱ्यानेच दिले होते. म्हणून हे कुलूप उघडण्यास सरसकट चौर्य म्हणणे उथळपणाचे ठरते. २००७ मध्ये आंद्रेआस नाईव्ह व निकोला साल्मोरिया यांनी संकेतनाची रीत उलगडली. संगणकीय प्रतिकृतीसाठी चालू यंत्रातून उतरवलेल्या तक्त्यांची गरज त्यामुळे संपली. बंद यंत्रात मूळ किल्ली पुन्हा भरण्याची रीत मात्र २०१६ मध्येच हाती आली.